रडक्या डोळ्यांचा लॉट

पेणला गणपतीच्या कारखान्यात मी डोळे काढतो. आमच्यात त्याला आखणी म्हणतात. असं सांगितलं की माणसं माझ्या हाताकडं आदबीनं बघतात, जसं काय बोटांत काय तरी भरून ठेवलंय. बोटांत काय नाय. खाडीकडच्या गावात बाप मिठागरावर होता. त्यानं मलापण तिथंच घातला, तर मी मीठ ओढायच्या फळीवर टेकून उभ्या उभ्या झोपायचो. मुकादम बापाला म्हणाला, "ह्याला सावलीतलं काम बघ, उन्हात ह्याचं बी मीठ होईल." अशी माझी कलेशी ओळख. शाळेत मी गेलो तो गुरुजींची विसरलेली छत्री पोचवायला. हे पण मी नुसतं बोलतोय, टाईप करतेय ती आमच्या अण्णांची सून, सायली. चुका असतील त्या माझ्या, काना-मात्रा सगळ्या तिच्या.

अण्णा म्हणजे आमचे मालक. पहिल्या वर्षी त्यांनी मला डोळे काढायला दिले, तेव्हा माझ्या गणपतीचा एक डोळा पेणकडं नि दुसरा रोह्याकडं. अण्णांनी मूर्ती उचलून उजेडात धरली. "बाळ्या, हा देव हाय का रिक्षावाला? दोन्हीकडं पॅसेंजर बघतोय." त्यानंतर किती तरी दिवस मी फक्त उंदीर रंगवले. उंदराला नुसता काळा ठिपका दिला तरी चालतं, तो कुठं बघतोय ते कोणी विचारत नाय.

बाहेरच्यांना वाटतं मूर्ती एका हातानं होते. तसं नसतं. साच्यातून काढणारा वेगळा, घासणारा वेगळा, पांढरा हात मारणारा वेगळा. अंगाचा रंग मशीनच्या फवाऱ्यानं, सोवळं बायका रंगवतात, मुकुटाला सोनेरी. आणि सगळ्यांत शेवटी मी. तोपर्यंत देव आंधळा. आषाढात कधी आमच्या शेडमध्ये या तुम्ही. फळ्यांवर रांगाच्या रांगा, सगळे सजलेले, मुकुट घातलेले, आणि डोळ्यांच्या जागी नुसतं गुलाबी. वारा खाडीवरून येतो, पंखे फिरतात, रंगाचा वास डोक्यात बसतो, आणि वाटतं हे सगळे झोपलेत, आपण मोठ्यानं बोललो तर उठतील. म्हणून मी हळू बोलतो. बायको म्हणते, घरी पण हळू बोललास तर बरं.

डोळा म्हणजे काय? आधी पांढरं, मग वरची रेघ, मग बुबुळ, मग खालची रेघ, आणि शेवटी पांढरा ठिपका. वरची रेघ कोणीपण काढेल. सगळा खेळ खालच्या रेघेत नि ठिपक्यात. खालची रेघ मधे जराशी वर घेतली की देव हसतो. तीच केसभर खाली सुटली आणि ठिपका पण खाली उतरला, की झालं, पाणी तरळलं. एका केसाचं काम हाय सगळं. रेघ ओढताना श्वास धरायचा. मी एकदा श्वास धरून सोडायचा विसरलो नि खाली पडलो. मूर्तीला काय झालं नाय, माझा दात गेला.

गिऱ्हाईकं पण एकेक. नागोठण्याचा एक माणूस बापाचा फोटो घेऊन आला, म्हणाला, वडील गेले, ह्या वर्षी देवाला त्यांचे डोळे काढा. बघितलं तर फोटो काढताना बापाची पापणी पडलेली, दोन्ही डोळे मिटलेले. मी म्हटलं, "अहो, ह्यात डोळेच नाय." तो म्हणाला, "म्हणूनच तुमच्याकडं आलो." मी काय तरी काढले. त्यानं लई वेळ बघितलं नि म्हणाला, "वडील नाय हे. पण बघतायत बरे." घेऊन गेला.

आता ती पुस्तकाची गोष्ट.

सायली लग्न होऊन आली तेव्हा तिचं कॉलेज एका परीक्षेवर अडलेलं. एमे का काय ते, मराठीचं. घरून अभ्यास करून पेपर द्यायचे. पण सिझनला कारखानदाराच्या सुनेला अभ्यास कसला? सकाळपासून ती पार्वतीवहिनीबरोबर सोवळी रंगवायला बसायची. पार्वतीवहिनी म्हणजे आमच्या शेडमधली सगळ्यांत जुनी बाई, पितांबराची किनार अशी ओढते की जणू नेसून बघितलंय. तीच म्हणाली, "अगो, तुला वाचायचं हाय ना? मग मोठ्यानं वाच. हात आमचे चालतायत, कान काय रंगवायचे नायत. तुझ्या वाटची सोवळी मी उरकते."

असं ते सुरू झालं. पुस्तक बारीकसं, वहीएवढं. सायलीला त्यावर निबंध लिहून पाठवायचा होता, की ही छोटी कादंबरी शोकांतिकेच्या नियमांत बसते का, आणि बसत असेल तर कशी. मी विचारलं, "शोकांतिका म्हणजे रडकी गोष्ट ना?" ती म्हणाली, "नाय काका, नुसती रडकी नाय. तिला नियम असतात." मला बरं वाटलं. रडायला पण नियम असतात म्हणजे आपली बायको बेकायदा रडते.

गोष्ट होती भिवा नावाच्या तरवाल्याची. नदीला पूल नाय, ह्याची होडी. नदीचं नाव लिहिणाऱ्यानं दिलंच नव्हतं, पण आमच्यात पार्वतीवहिनी रोह्याकडची, ती म्हणाली ही कुंडलिकाच. मी म्हटलं आमची खाडी. भांडत बसलो. भिवाचा एकच बाणा, माझ्या काठावर कोणी मागं राहणार नाय. पहाट असो, पाऊस असो, हाक आली की होडी. आणि पुस्तकातली पहिलीच ओळ अशी होती: "त्या संध्याकाळी काठावर फक्त भिवा उरला."

"आरं, शेवट आधीच सांगून टाकला की," मी म्हटलं. "मग कशाला वाचायचं?"

"तोच नियम, काका," सायली म्हणाली. "आपल्याला माहीत असतं, त्याला नसतं. म्हणून भीती वाटते."

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला नीट आठवत नाय. म्हणजे आठवतं, पण पाण्याखालनं बघितल्यासारखं. सायलीचा आवाज, पंख्याची घरघर, समोर आंधळ्या देवांची रांग, आणि मधेच भिवाच्या वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज. पुस्तकात सगळं एकाच दिवसात होतं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. इकडं तिकडं वाटच नाय. सायली म्हणायची, छोटी हाय म्हणूनच शोकांतिकेत बसते, एकदा होडी काठावरनं सुटली की मधे उतरायला जागा नाय.

नियमांवरून आम्ही कचाकचा भांडायचो. सायली म्हणाली, शोकांतिकेचा नायक मोठा माणूस पाहिजे, राजा वगैरे. मी म्हटलं, "संपलं मग. तरवाला कसला राजा?"

पार्वतीवहिनी ब्रश न थांबवता म्हणाली, "नदीच्या मधे त्यानं बस म्हटलं की पाटील पण बसतो. मग राजा कोण?"

सायलीनं ते लिहून घेतलं. मला राग आला, कारण माझं काय लिहून घेण्यासारखं निघतच नव्हतं.

दुसरा नियम, नायक चांगला पाहिजे, पण त्याच्यात एक खोट पाहिजे, आणि त्या खोटीपायी तो स्वतःच्या हातानं पडला पाहिजे. मी म्हटलं, "भिवात काय खोट हाय? कोणाला नाय म्हणत नाय."

"तीच," ती म्हणाली.

"ही कसली खोट? हे तर चांगलं."

"तेच तर, काका."

मला वाटलं शिकलेल्या माणसांना सरळ बोलता येत नाय. मग पुढचं पान आलं.

बाजाराचा दिवस. शेवटची फेरी. होडी भरलेली, भिवाची लेक पण बसलेली, माहेरपणाला आली होती ती सासरी निघालेली. होडी सुटली, आणि भिवानं मागं बघितलं तर काठावर एक माणूस. ज्याच्याशी भिवाचं जुनं वैर, तो. डोक्यावर पोतं. तो हाक मारत नव्हता, वैरी होता ना, कसा मारेल? नुसता उभा.

"नको घेऊ रे!" पार्वतीवहिनी ओरडली. "मेल्या, नको वळवू!"

सायलीनं पुस्तकातनं डोकं वर काढलं नि हसली. म्हणाली, फार जुन्या परदेशी नाटकांत अशी माणसं असायची, बाजूला उभी राहून सगळं बघायची, ओरडायची, पण करता काय यायचं नाय.

"म्हणजे आपण," मी म्हटलं. हे पण तिनं लिहून घेतलं. माझी छाती फुगली. तेवढ्यात भिवानं होडी वळवली.

त्या दिवशी माझ्यासमोर रोह्याचा लॉट होता. रोह्याहून पूल ओलांडला की पलीकडं अष्टमी, तिथं कमलताई गणपतीचा स्टॉल लावतात, त्यांचा माल दरवर्षी आमच्याकडनं. सायली वाचत होती आणि मी डोळे काढत होतो. वैरी चढला नि भरल्या होडीत पाणी आलं. भिवाला कळलं. इथं सायली थांबली नि हळू म्हणाली, "बघा, आता त्याला कळलं. हा पण नियम. कळतं, पण उशिरा." माणसं पोहून निघाली, वैरी पण निघाला, लेक नाय निघाली. लोकांनी भिवाला ओढून काठावर आणला नि लेकीला शोधायला ते दिवे घेऊन पाण्याच्या वाटेनं खाली धावले. ज्याच्या काठावर कधी कोणी मागं राहिलं नाय, त्या काठावर तो एकटा.

शेडमधलं फवाऱ्याचं मशीन पण बंद. पार्वतीवहिनी पदरानं नाक पुसत होती. मला कोणी विचारलं तर सांगायला मी सर्दी तयार ठेवली होती, पण कोणी विचारलं नाय. आणि गंमत म्हणजे नंतर हलकं वाटलं. अंगातनं काय तरी वाहून गेल्यासारखं, भरती उतरल्यावर चिखल कसा शांत चमकतो तसं. सायली म्हणाली, हा शेवटचा नियम. मी त्या हलकेपणात उरलेले सगळे डोळे काढले. एकदम झकास हात चालला, मला वाटलं आयुष्यात असा चालला नव्हता.

अण्णा पनवेलला गेलेले. मालावर नजर मारायचं काम त्यांचं, ते नव्हते. मूर्तींची तोंडं पेपरात गुंडाळली, पेंढा भरला, टेम्पो गेला.

दुसऱ्या दिवशी कमलताईंचा फोन. अण्णांनी स्पीकरवर टाकला.

"अण्णा, हे गणपती रडतायत ओ."

"काय?"

"रडतायत. मी पेपर सोडला नि मला वाटलं ह्यांना प्रवासात काय लागलं का. सगळेच्या सगळे. स्टॉलवर उभं राहवत नाय मला, मयताला आल्यासारखं वाटतं."

व्हिडिओवर दाखवले त्यांनी. मी बघितलं. खालची रेघ सगळ्यांची सुटलेली. ठिपका सगळ्यांचा खाली. एकेक देव असा बघत होता की जणू त्याचीच लेक होडीत.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग पार्वतीवहिनीच्या सुजलेल्या डोळ्यांकडं, मग सायलीच्या हातातल्या पुस्तकाकडं. अण्णांना सगळं कळलं, आणि लगेच कळलं. त्यामुळं ते नियमात बसत नाय.

"सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "लॉट परत आला तर हे पुस्तक बंद. आणि परीक्षा पण. पुढच्या वर्षी बघू." सायलीनं पुस्तक मिटलं. पुढच्या वर्षी म्हणजे कधी, हे लग्न झालेल्या बाईला सांगावं लागत नाय. मग अण्णा माझ्याकडं वळले. "आणि बाळ्या, तू परत उंदरांवर."

मी म्हटलं, "मी जातो अष्टमीला. तिथं बसून डोळे बदलतो. लॉट परत येणार नाय."

ब्रश, रंगाच्या वाट्या पिशवीत घातल्या नि निघालो. नागोठणं गेलं, कोलाडला गाडी थांबली. खिडकीतनं नुसती हिरवी शेतं मागं पळत होती, आणि मी मनात भिवाला शिव्या घालत होतो. तुझी लेक गेली ती गेली, आता आमची पोर बुडवतोयस. मग मला कळलं की त्या माणसाला कोणी तरी कागदावर बनवलाय, आणि मी त्याच्याशी भांडतोय. शेजारची बाई सरकून बसली होती, म्हणजे मी मोठ्यानंच भांडत असणार.

कमलताईंचा स्टॉल पुलाजवळ. पोचलो तर त्या म्हणाल्या, "आलात? बघा तुमचे प्रताप." खरंच मयताला आल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात कंपनीतनं शिफ्ट सुटून आलेला एक जण वाकून बघायला लागला. "ताई, ह्याला काय झालंय? आमच्या घरात आधीच सासू हाय." कमलताईंनी माझ्याकडं बघितलं. मी त्याची मूर्ती मांडीवर घेतली, अंगाचा रंग मिळवला, खालची रेघ मिटवली, सुकू दिली, वर घेतली, ठिपका वर उचलला. देव हसला. माणूस पण हसला. असे मी एकामागून एक हसवत चाललो. सोपं काम हाय हो, दुःख पुसायचं, नुसता एक केस वर.

मग एक बाई आली. हातात भाजीची पिशवी, चाळिशीची असेल. मी मांडीवरच्या मूर्तीचा डावा डोळा हसवून उजव्याला हात घालणार, एवढ्यात ती ओरडली, "त्याला हात लावू नका!" मी दचकलो. ती माझ्या हातातल्या मूर्तीबद्दल नव्हती बोलत, फळीवरच्या शेजारच्या मूर्तीबद्दल बोलत होती. "हा मला पायजे. असाच."

कमलताई म्हणाल्या, "अगो, तो रडका हाय. थांब, काका नीट करून देतील."

"रडत नाय तो," बाई म्हणाली. "त्याला माहीत हाय."

"काय माहीत हाय?"

"परत पाण्यात जायचंय ते. दरवर्षी माहीत असून येतो ना तो? आणि आपण पण माहीत असून आणतो. नाचत आणतो." तिनं पिशवी खाली ठेवली, मूर्तीच्या डोळ्यांत बघत राहिली. "बाकीचे हसतात ते मला खोटे वाटतात. हा माझ्याकडं बघतोय."

तिच्या घरात काय झालं होतं ते मी विचारलं नाय, तिनं सांगितलं नाय. कमलताईंनी बुकिंगची चिठ्ठी मूर्तीला लावली. मी ब्रश हातात धरून बसून राहिलो. खाली कुंडलिका वाहत होती. मला पहिली ओळ आठवली. शेवट आधीच सांगितलेला, तरी माणसं आरास करतात, मोदक करतात, नातेवाइकांना बोलावतात. कोणी म्हणत नाय, शेवट बदला.

मी पुलावर जाऊन सायलीला फोन लावला. बाईचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "काका, परत सांगा, लिहून घेते." मी परत सांगितलं, पण ह्या वेळी त्यात जरा माझं पण घातलं. "काका, बाई जे बोलली तेवढंच." तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठं जमलं. चांगलं वाक्य माझ्या तोंडातनं जाताना असं वाकडं होतं.

परत येऊन कमलताईंना म्हटलं, आता गिऱ्हाईकालाच विचारू. हसरा पायजे का माहीत असलेला? लोक उभे राहायचे, इकडून बघायचे, तिकडून बघायचे. पुष्कळांनी हसरा नेला. पण माहीत असलेले पण गेले, हळूहळू, एकेक करून, आणि ते नेणारी माणसं कमी बोलायची. लॉट परत आला नाय. एकच मूर्ती उरली. मी दचकलो तेव्हा मांडीवर होती ती. डावा डोळा हसरा, उजवा रडका. ती नीट करायला मी दोनदा ब्रश उचलला नि दोनदा ठेवला. मग आमच्या घरीच नेली. बायको दारात ओवाळायला आली, तिनं आधी एका बाजूनं बघितलं, मग दुसऱ्या. म्हणाली, "एवढी वर्षं काम करून परत रिक्षावालाच काढलास का?"

अण्णांनी शब्द पाळला. अभ्यास चालू राहिला. फक्त शेडच्या दारावर त्यांनी खडूनं नियम लिहिला, तो अजून हाय, मला तोंडपाठ हाय: आखणीच्या दिवसांत शोकांतिका बंद. रडायचं ते साचे भरताना रडा, मातीला पाणी लागतंच. सायलीचा निबंध गेला नि ती पास झाली. निबंधात त्या बाईचं बोलणं हाय, पार्वतीवहिनीचा पाटील हाय, आणि सायली म्हणते माझी पण एक ओळ हाय. तिनं त्या ओळीवर बोट ठेवून मला दाखवली. मी बघितलं. सगळं कसं सजून बसलेलं, मुकुट, सोवळं, वेलांट्या, पण माझ्यासाठी आंधळं. म्हटलं, असू दे, कोणी तरी ह्याला डोळे काढलेत ना.

पण मला सांगायचं होतं ते विसर्जनाचं. संध्याकाळी आम्ही खाडीवर गेलो. भरती लागलेली, पाणी सोनेरी. आरती झाली, मी पाट घेऊन पाण्यात उतरलो. आयुष्यभर मी डोळे काढून पाठवून दिले, बुडताना कधी त्यांच्याकडं बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. वाकलो तसा तो आधी हसला, मग कलला आणि त्या दुसऱ्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं, आणि मग नुसतं पाणी. मागं माणसं ओरडत होती, लवकर या म्हणून. मग सगळी घराकडं वळली, खिरापत वाटायला.

मी मात्र रिकामा पाट धरून काठावर उभा राहिलो, भिवासारखा. लई हलकं वाटत होतं. बायको लांबनं ओरडली, "आरं, चल की! का तुझी पण होडी यायची हाय?"

मी म्हटलं, "आलो."

आणि जरा वेळानं गेलो.